वर्गातली पर्जन्यछाया

भूगोलाच्या तासाला कधी ना कधी पर्जन्यछायेचा धडा येतोच. बाई फळ्यावर डोंगर काढतात, डाव्या हाताला समुद्राच्या लाटा, तिथून निघालेले बाण, माथ्यावर ढग. "हे बघा, इथून असे वारे येतात, इथे अडतात, असे वर चढतात आणि मग सगळा पाऊस या बाजूला पडतो. त्या बाजूला काय उरतं?" महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात जेमतेम 500 च्या आसपास. बहुतेक मुलांना हे पटकन पटतं.

आता वर्गाच्या मागच्या भिंतीशी उभं राहून बघा. दुसऱ्या बाकावरच्या मुलीला दिसत नाही. तिच्यापर्यंत "हे", "इथून", "असे", "या बाजूला", "त्या बाजूला" एवढेच शब्द पोहोचले. खिडकीजवळच्या मुलाच्या कानाला यंत्र आहे. बाई फळ्याकडे तोंड करून बोलल्या, त्यामुळे त्याला त्यांचा अंबाडा दिसला, ओठ दिसले नाहीत. तिसरा मुलगा हुशार आहे, पण वाचताना अडखळतो. फळ्यावरचं उतरवण्यात त्याची सगळी शक्ती खर्च झाली आणि बाई काय बोलल्या ते निसटलं. चौथ्या मुलीचा हात आखडतो. तिच्या दोन ओळी होईतो फळा पुसला गेला. पाचवा मुलगा बौद्धिक अक्षम आहे, त्याच्यापुढे रंगवायला एक फूल ठेवलेलं आहे. मी विशेष शिक्षिका म्हणून शाळाशाळांतून फिरते. ही पाचही मुलं एकाच वर्गात क्वचितच भेटतात, पण यातलं एखादं नाही असा वर्गही क्वचितच भेटतो. धडा पर्जन्यछायेचा आणि वर्गातच काही बाक कोरडे, हे चित्र मला नेहमी दिसतं.

या मुलांची नावं पटावर आहेत, हजेरी लागते, खिचडी मिळते. समावेशित शिक्षण म्हणजे एवढंच, असा पुष्कळांचा प्रामाणिक समज आहे. वर्गात बसणं आणि वर्गात चाललेलं शिक्षण मिळणं यांत मोठं अंतर आहे. ते कसं कापायचं, ते इथे सांगते.

आधी एकच प्रश्न

कोणताही धडा घ्या आणि स्वतःला विचारा, हा तास संपल्यावर मुलाला नेमकं काय यायला हवं? पर्जन्यछायेच्या धड्याचं उत्तर साधं आहे. समुद्रावरून येणारी दमट हवा डोंगरामुळे वर चढते, वर गेली की थंड होते, थंड झाली की पाऊस पडतो आणि डोंगरापलीकडे कोरडी हवा उतरते. कोकणात भात आणि माणदेशात बाजरी का, हे मुलाला सांगता आलं पाहिजे. धड्याचं उद्दिष्ट एवढंच.

मग बाकीचं काय? फळ्यावरची आकृती वहीत उतरवणं हे या धड्याचं उद्दिष्ट नाही. परिच्छेद मोठ्याने वाचणं नाही, "प्रतिरोध पर्जन्य" (डोंगराला अडून पडणारा पाऊस) हे शब्द शुद्ध लिहिणं नाही, उत्तर पाच मिनिटांत लिहून देणं तर नाहीच. हे सगळे त्या उद्दिष्टाकडे जायचे रस्ते आहेत. एखाद्याचा रस्ता बंद असेल तर दुसरा काढायचा. याला आमच्या भाषेत अनुकूलन म्हणतात. मुक्कामाचं गाव तेच, वाट वेगळी.

हा प्रश्न न विचारता मदत करायला गेलं की दोन प्रकारच्या चुका होतात. काही वेळा वाटेलाच उद्दिष्ट समजलं जातं. ज्या मुलीला सगळा धडा तोंडपाठ सांगता येतो तिला "वही अपुरी" म्हणून शून्य मिळतो. काही वेळा उलट होतं, दया येऊन उद्दिष्टच काढून घेतलं जातं. "त्याला कुठे जमणार, त्याला रंगवायला द्या." ही दुसरी चूक जास्त घातक आहे असं मला वाटतं, कारण ती मायेने केली जाते आणि म्हणून कोणी तिच्यावर बोट ठेवत नाही. वर्षानुवर्षं फुलं रंगवून मूल आठवीत पोहोचतं आणि मग सगळे म्हणतात, "बघा, याला काहीच येत नाही."

एक खबरदारी मात्र हवी. काय उद्दिष्ट आणि काय वाट, हे धड्यागणिक बदलतं. विज्ञानाच्या पेपरात ऱ्हस्व-दीर्घाचे गुण कापायला नकोत. पण शुद्धलेखनाच्याच चाचणीत शब्द बरोबर लिहिणं हे उद्दिष्ट असतं. गुणाकार शिकवताना गणकयंत्र दिलं तर शिकायची गोष्टच निघून जाते, पण क्षेत्रफळाच्या शाब्दिक उदाहरणात तेच गणकयंत्र दिलं तर विचार मुलाचाच राहतो. म्हणून "दिव्यांग मुलांसाठी सवलतींची यादी" मागणाऱ्या शिक्षकांना मी यादी देत नाही. आधी धडा उघडूया म्हणते.

कायदा काय म्हणतो

थोडक्यात सांगते, कारण मुख्याध्यापकांशी बोलताना पालकांना याचा आधार लागतो. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 ने ते 21 केले आणि स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता यांना पहिल्यांदा स्वतंत्र जागा मिळाली. 19 एप्रिल 2017 पासून तो लागू आहे. त्यात "वाजवी सोय" ही कल्पना आहे. शाळेवर अवाजवी भार न पडता करता येण्याजोगा बदल म्हणजे वाजवी सोय, आणि ती नाकारणं हाही कायद्याने भेदभावच. 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना 18 वर्षांपर्यंत पुस्तकं आणि साहाय्यक साधनं मोफत द्यायची आहेत. अभ्यासक्रमात आणि परीक्षेत योग्य बदल करा, हेही कलम 17 मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. पालकांनी हे मागताना संकोचण्याचं काही कारण नाही.

बोटांनी वाचायचा सह्याद्री

दुसऱ्या बाकावरच्या त्या मुलीकडे वळू. तिच्यासाठी पहिला बदल फुकटचा आहे आणि तो बाईंच्या जिभेवर आहे. "इथून असे वारे येतात" याऐवजी "पश्चिमेकडून, अरबी समुद्रावरून वारे येतात आणि सह्याद्रीला अडतात" म्हणायचं. फळ्यावर जे लिहिता ते लिहिता लिहिता बोलायचं. याने बाकीच्या वर्गाचंही भलं होतं. शेवटच्या बाकावरून फळा धड दिसत नाही अशी दोन-चार मुलं कुठेही असतात.

दुसरा बदल नकाशाचा. जाड पुठ्ठा घ्या. किनाऱ्याची रेघ सुतळीने चिकटवा. समुद्राच्या जागी पॉलिश पेपर लावा, खरखरीत लागेल. सह्याद्रीसाठी शाडूची उंच वळी उत्तर-दक्षिण लावा. झालं. नद्या, जिल्हे, रेल्वे हे सगळं त्याच पुठ्ठ्यावर कोंबायचा मोह होतो, तो आवरा. डोळ्याला आख्खा नकाशा एका नजरेत दिसतो, बोटाला मात्र एका वेळी बोटाएवढंच कळतं आणि ते तुकडे मुलीला मनात जोडावे लागतात. म्हणून एका नकाशात एकच गोष्ट. आधी कडा फिरून बघू द्या, वर उत्तर आहे हे सांगा, मग वेळ द्या. तिचा हात धरून ओढू नका. "उजवीकडे चार बोटं सरक" असं सांगितलं की ती स्वतः पोहोचते.

पाऊस का पडतो हे समजवायला काही जण ओला स्पंज डोंगरावर दाबून दाखवतात. मुलांना मजा येते, पण ते चुकीचं शिकवतं, कारण डोंगर ढगाला पिळत नाही. त्यापेक्षा पातेल्यात पाणी उकळा, वर थंड ताटली धरा आणि ताटली निवल्यावर तिच्या आतले थेंब मुलीला बोटाने पुसू द्या. दमट हवा थंड झाली की पाणी होतं, हे तिला हाताने कळलं. साधन सोपं असावं आणि खरंही असावं, याबाबत मी फार आग्रही आहे.

आता पुस्तक. ब्रेल म्हणजे वेगळी भाषा असं बऱ्याच जणांना वाटतं, पण ब्रेल ही लिपी आहे. सहा ठिपक्यांच्या एका घरात 63 आकार होतात आणि 1951 साली ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये त्यांतलेच आकार मराठी अक्षरांना दिलेले आहेत. ब्रेलमधलं पुस्तक छापील पुस्तकापेक्षा कितीतरी जाड होतं, त्याचे अनेक खंड होतात. शाळा जूनमध्ये सुरू व्हावी आणि पुस्तक दिवाळीच्या तोंडावर यावं, हे मी पाहिलेलं आहे. तोवर मुलगी ऐकून ऐकून शिकते. ऐकून शिकण्यात कमीपणा काही नाही, पण फक्त ऐकलेल्या मुलाला "पर्जन्य" हा शब्द कसा लिहितात ते कळत नाही. म्हणून ब्रेल आणि आवाज दोन्ही हवेत.

आवाजाची सोय आता मोबाइलमध्येच आहे. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतं, संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा मोफत प्रोग्रॅम चालतो, दोन्हीत मराठी आवाज मिळतो. पण इथे एक खास आपल्याकडची अडचण आहे आणि ती शिक्षकांना कोणी सांगत नाही. अनेक शाळांत प्रश्नपत्रिका अजून जुन्या फाँटमध्ये टाइप होतात. कागदावर छापल्यावर त्या सुरेख मराठी दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असते. वाचक प्रोग्रॅम तीच खिचडी वाचून दाखवतो. पाहायचं असेल तर फाइलमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर पेस्ट करा. मराठीच दिसली तर ठीक, भलतंसलतं दिसलं तर दृष्टिहीन मुलीलाही भलतंसलतंच ऐकू येणार आहे. उपाय फुकट आहे, युनिकोडमध्ये टाइप करा, म्हणजे संगणकालाही ती मराठी अक्षरंच कळतात. फोटो काढून केलेली पीडीएफ तर प्रोग्रॅमसाठी नुसतंच चित्र असते, त्यात अक्षर नाहीच.

पुस्तकाचं असं रूपांतर करायला प्रकाशकाची परवानगी लागेल का, असं शिक्षक घाबरून विचारतात. लागत नाही. 2012 मध्ये आपल्या कॉपीराइट कायद्यात बदल होऊन दिव्यांग वाचकांसाठी सुलभ प्रत करायला मुभा मिळाली. याच विषयावरचा मराकेश करार 2013 साली झाला आणि 2014 मध्ये त्याला सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. 2016 पासून सुगम्य पुस्तकालय नावाचं ऑनलाइन ग्रंथालयही आहे.

अल्पदृष्टी असलेल्या मुलांचं गणित वेगळं असतं. त्यांना ब्रेल नको असतं, मोठं ठळक अक्षर, काळ्या फळ्यावर स्वच्छ खडू आणि खिडकीची तिरीप फळ्यावर पडणार नाही अशी जागा हवी असते. "पुढे बसव" हा सल्ला सगळ्यांना लागू पडत नाही. काहींना मधोमध, तर काहींना एका कडेला बसल्यावर जास्त दिसतं. मुलालाच विचारा.

मामा की बाबा

आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता "मामा" म्हणा, मग "बाबा" म्हणा. ओठ सारखेच हलतात. प, फ, ब, भ, म ही सगळी अक्षरं ओठ मिटून येतात किंवा तशीच दिसतात. क, ग, ह तर घशाकडे होतात, ते दिसतच नाहीत. म्हणजे ओठ वाचणारं मूल वाक्याचा बराच भाग अंदाजाने भरत असतं. विषय आधी माहीत असेल तर अंदाज बरोबर येतो. म्हणून तास सुरू होतानाच फळ्याच्या कोपऱ्यात आजचे पाच-सहा शब्द लिहून ठेवा, जसं समुद्र, दमट हवा, सह्याद्री, पर्जन्यछाया, माणदेश. मूल त्या शब्दांना धरून पुढे जातं.

बोलताना वर्गाकडे तोंड हवं आणि पाठीशी उजेडाची खिडकी नको, नाहीतर चेहरा काळा दिसतो. दुसऱ्या मुलाने मागून प्रश्न विचारला तर तो पुन्हा म्हणून दाखवा. श्रवणयंत्र चष्म्यासारखं काम करतं असा गैरसमज आहे. चष्म्याने स्वच्छ दिसतं. यंत्राने मात्र सगळंच मोठं होतं, बाईंचा आवाजही आणि पंख्याची घरघरही. पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळत असेल तर त्या मुलाला काहीच वेगळं काढता येत नाही. अशा दिवशी चित्रं दाखवून, लिहून, हावभावांनी तास घ्या.

ज्या मुलांची भाषा खुणांची आहे, त्यांच्याबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे मराठीचे हातवारे नव्हेत. तिचं स्वतःचं व्याकरण आहे, स्वतःची वाक्यरचना आहे. अशा मुलाच्या वहीत मराठी वाक्यं मोडकी दिसतात. आपण इंग्रजी शिकताना जसं अडखळतो, तसं ते मूल मराठी ही दुसरी भाषा म्हणून लिहीत असतं. त्यातला मुद्दा बरोबर असेल तर भूगोलात पूर्ण गुण द्या. 2015 मध्ये सांकेतिक भाषेची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि 2020 मध्ये एनसीईआरटीची पाठ्यपुस्तकं या भाषेत आणण्याचा करार झाला, त्यामुळे व्हिडिओ धडे मिळू लागले आहेत. संस्थेच्या शब्दकोशात 10,000 हून अधिक शब्द आहेत. शिक्षकाने त्यातले पन्नास जरी शिकून घेतले तरी ते मूल तासाला मान वर करून बसतं.

र ची रूपं

सगळ्यात जास्त अन्याय मला वाचन-अक्षम मुलांवर होताना दिसतो, कारण त्यांचं काही दिसत नाही. डोळे चांगले, कान चांगले, बोलणं चुरचुरीत. म्हणून शिक्का बसतो तो आळशीपणाचा.

आपली लिपी ध्वनीनुसार चालते, जसं बोलू तसं लिहू, असं आपण अभिमानाने सांगतो. बऱ्याच अंशी ते खरं आहे. पण वाचायला झगडणाऱ्या मुलाच्या नजरेने एकदा पाहा. "कि" म्हणताना आधी क येतो, मग इ. लिहिताना वेलांटी आधी, क नंतर. नजर डावीकडून उजवीकडे जाते, आवाज मात्र उलटा. आता याच धड्यातले शब्द घ्या. "प्रतिरोध" मध्ये र प च्या पोटात तिरकी रेघ होऊन बसला आहे आणि पुढे "रो" मध्ये तो नेहमीच्या रूपात आहे. "पर्जन्य" मध्ये र आधी उच्चारतो, पण चढून बसतो ज च्या डोक्यावर. "महाराष्ट्र" मध्ये तो ट च्या खाली टोपीसारखा आहे. "वाऱ्याची दिशा" मध्ये पुन्हा निराळा. एका धड्यात र ची पाच रूपं! त्यात घ-ध, भ-म, ब-व, ष-प या जोड्या. ज्याला हे सहज जमलं त्याला आपण काय पार केलं याची कल्पनाही नसते. (गंमत अशी की भारती ब्रेलमध्ये र चा आकार सगळीकडे एकच असतो आणि "कि" मध्ये क आधी, इ नंतर येतो. त्या बाबतीत बोटांनी वाचणाऱ्या मुलीची वाट सरळ आहे.)

या मुलाला दोन वेगळ्या गोष्टी हव्या असतात आणि त्यांची गल्लत होते. एक, वाचनाचं स्वतंत्र, हळू आणि पद्धतशीर शिक्षण. अक्षर, आवाज, मात्रा, जोडाक्षर, एका वेळी एक. ते रोज थोडं थोडं, वर्गाबाहेर किंवा वर्गातच एका कोपऱ्यात. दुसरी, ते शिकणं चालू असतानाच भूगोल-विज्ञान थांबू न देणं. वाचन सुधारायला दोन वर्षं लागली तर दोन वर्षं भूगोल बंद ठेवायचा का? धडा वाचून दाखवा किंवा रेकॉर्ड करून द्या. फळ्याचा फोटो काढू द्या. उत्तर तोंडी घ्या. अचानक उभं करून मोठ्याने वाचायला लावू नका. हवं तर आदल्या दिवशी चार ओळी ठरवून द्या, तो घरी तयारी करून येईल.

ओळखायचं कसं? एनसीईआरटीने 2022 मध्ये "प्रशस्त" नावाचं मोबाइल ॲप आणि तपासणी-सूची आणली. तिच्या मदतीने वर्गशिक्षक पहिली चाचपणी करू शकतात. ते निदान नव्हे, पुढे तज्ज्ञांकडे पाठवायचं की नाही एवढंच त्यातून कळतं. वाचन-अक्षमता तपासण्यासाठी राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने "डाली" नावाची चाचणी तयार केली असून ती मराठीतही आहे. हे महत्त्वाचं, कारण मराठी माध्यमातल्या मुलाला इंग्रजी शब्द वाचायला लावून अक्षमता मोजता येत नाही. प्रमाणपत्राला वेळ लागतो, काही पालकांना अनेक खेपा घालाव्या लागतात. पण तोंडी उत्तर घ्यायला प्रमाणपत्र लागत नाही. ते उद्याच्या तासापासून सुरू करता येतं.

फूल रंगवणाऱ्या मुलाचं काय

इथे मी सुरुवातीला सांगितलेला नियम थोडा वाकतो. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला वर्गाचं सगळं उद्दिष्ट झेपेलच असं नाही. मग मुक्काम अलीकडे आणावा लागतो, आशय कमी करावा लागतो. पण तो त्याच रस्त्यावर हवा. वर्ग पर्जन्यछाया शिकतोय तर त्याने फूल का रंगवावं? त्याच्यासमोर भाताच्या खाचराचा आणि बाजरीच्या शेताचा असे फोटो ठेवा, छत्री आणि रिकामी घागर ठेवा. "जास्त पाऊस, कमी पाऊस" अशा दोन गटांत त्याने ते लावायचे. समुद्र कुठे, डोंगर कुठे, हे पुठ्ठ्याच्या नकाशावर दाखवायचं. वर्गाला उत्तर सांगायच्या वेळी पहिला प्रश्न त्याला, "कोकणात काय पिकतं?" त्याला येतं ते तो सांगतो आणि चर्चा तिथून पुढे जाते. नवे शब्द दोनच, पण ते चार दिवस परत परत. त्याला काय आलं, काय राहिलं, हे त्याच्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात लिहायचं. आराखडा तपासणीसाठी भरून फाइलला लावला की तो निरुपयोगी होतो. तो बाईंच्या टेबलावर हवा.

स्वमग्न मुलाला बऱ्याचदा आशय कळतो, पण गोंधळ, घंटा, अचानक बदललेला तास याने तो उन्मळतो. दिवसाचं वेळापत्रक चित्रांत लावून ठेवा आणि बदल असेल तर आधी सांगा. चालण्याची अडचण असलेल्या मुलांसाठी रॅम्पची वाट पाहत बसू नका, तो वर्गच तळमजल्यावर आणा. आणि हात आखडणाऱ्या त्या मुलीला नोट्सची झेरॉक्स द्या. शेजारणीच्या वहीखाली कार्बन ठेवला तरी काम होतं.

"पन्नास मुलांत हे सगळं कधी करायचं?" हा प्रश्न मला प्रत्येक प्रशिक्षणात ऐकू येतो. प्रश्न खरा आहे, त्याला तत्त्वज्ञानाने उत्तर देणं बरोबर नाही. एकट्या शिक्षकावर हे टाकता येणार नाही. समग्र शिक्षा या सरकारी योजनेत तालुक्याच्या गटसाधन केंद्रावर विशेष शिक्षक असतात, ते फार थोडे आहेत आणि एकेकाकडे अनेक शाळा आहेत. ब्रेल, श्रवणप्रशिक्षण, वैयक्तिक आराखडा ही आमची कामं, ती आमच्याकडूनच मागा. पण वर्ग पुन्हा आठवून बघा. दिशांची नावं घेऊन बोलणं, वर्गाकडे तोंड करणं, कोपऱ्यात शब्द लिहिणं, ताटलीवरचे थेंब, पुठ्ठ्याचा नकाशा, तोंडी उत्तरं. यांतलं कुठलं फक्त एका मुलासाठी होतं? धडा आखतानाच हे घातलं तर वेगळा वेळ फारसा लागत नाही. आखून झाल्यावर ठिगळ लावायला गेलं की लागतो.

शेजारच्या मुलाची मदत घ्या, पण एकाच मुलावर कायमची जबाबदारी टाकू नका. दर आठवड्याला जोडी बदला. मदत घेणाऱ्याकडूनही मदत घ्या. ती दृष्टिहीन मुलगी पाठांतरात सगळ्यांच्या पुढे असेल, तर पाढे तिने म्हणून घ्यावेत.

लेखनिक आयत्या वेळी नको

वर्षभर केलेलं सगळं परीक्षेत वाया जाऊ शकतं, म्हणून शेवटी त्याबद्दल. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लेखी परीक्षेत दर तासाला किमान 20 मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक घेता येतो. 2021 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लिहिण्यात खरी अडचण असेल तर केवळ 40 टक्क्यांचा दाखला नाही म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही. दहावीसाठीचे अर्ज आणि कागदपत्रं शाळेमार्फत जातात. ती नववीतच तयार ठेवा, यूडीआयडी कार्डासकट (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र).

पण लेखनिक मिळाला म्हणजे पेपर सोपा झाला असं नसतं. सांगून लिहून घेणं हे वेगळंच कौशल्य आहे. वाक्य आधी मनात पूर्ण बांधायचं, मग म्हणायचं, आधी काय लिहिलं ते लक्षात ठेवायचं, "आता नवीन परिच्छेद" म्हणायचं, भूमितीची आकृती दुसऱ्याच्या हातून काढून घ्यायची. गणितात "दोन एक्स अधिक तीनचा वर्ग" म्हटलं तर वर्ग फक्त तीनचा की पूर्ण कंसाचा? समोरचा लिहिणारा मुलगा गडबडतो. एका मुलीला दहावीच्या पहिल्याच पेपराला तिने कधी न पाहिलेला लेखनिक भेटला. पहिला अर्धा तास दोघांना एकमेकांचं बोलणं कळण्यातच गेला. तिला उत्तरं येत होती.

तेव्हापासून मी नववीच्या पहिल्या घटक चाचणीलाच लेखनिक बसवायला सांगते. वीस गुणांचा पेपर असतो, चुकलं तरी बिघडत नाही. पहिल्या वेळी मूल फार भरभर बोलतं. दुसऱ्या वेळी फार हळू. तिसऱ्या-चौथ्या चाचणीपर्यंत दोघांची लय जमते. मग ते "कंस सुरू, दोन एक्स अधिक तीन, कंस बंद, त्याचा वर्ग" असं म्हणायला लागतं.